एमआरएनए केंद्रकात अडकलाय, पण नेमका कुठे? यीस्टमधली निर्यात तपासण्याची पद्धत

मायक्रोस्कोपखाली दोन स्लाइड आहेत. दोन्हींवर एमआरएनए, म्हणजे केंद्रकाबाहेर न्यायची जनुकाची प्रत, लाल रंगवलेली आहे. पहिलीवर यीस्टच्या पेशी आतून-बाहेरून सारख्याच लालसर, धुकं भरल्यासारख्या. दुसरीवर प्रत्येक पेशीत एकच ठळक लाल ठिपका, बाकी सगळा काळोख. डॅपी हा डीएनएला धरणारा रंग; त्याचा निळा ठिपका, म्हणजे केंद्रक, त्यावर अगदी बरोबर बसतो. आपण वहीत लिहितो, ‘एमआरएनएची निर्यात बंद’, आणि चहाला जातो.

चहा जरूर घ्या, पण त्या वाक्यातून अजून फारसं काही कळलेलं नाही. एमआरएनए केंद्रकात अडकण्याची निदान अर्धा डझन कारणं आहेत आणि चित्र मात्र बहुतेक वेळा एकच दिसतं. हा लेख त्या चित्रापर्यंत पोहोचण्याची रीत सांगतो आणि पुढे ते वाचायचं कसं हेही. प्रयोगशाळेत नुकत्याच रुळू लागलेल्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींना समोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी माणसं ओळखून घ्या

यीस्ट म्हणजे इथे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पावाचं आणि बिअरचं. त्याची एक खासियत पक्की लक्षात ठेवा: पेशी विभागतानाही त्याचं केंद्रकावरण विरघळत नाही. आपल्या पेशींत विभाजनाच्या वेळी ते सुटं होतं, इथे कधीच नाही. म्हणून एमआरएनएला बाहेर पडायला केंद्रक-छिद्रांशिवाय दुसरी वाट नाही. त्या छिद्रांची रचना आठपदरी, सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांची, आणि मधली पोकळी फेनिलअ‍ॅलानिन-ग्लायसिनच्या लवचिक धाग्यांनी भरलेली. उघडा आरएनए, म्हणजे ऋणभाराची लांबच लांब दोरी, या धाग्यांतून आपणहून जात नाही. त्याला आधी प्रथिनांनी सजवावं लागतं. लग्नघरातल्या पाठवणीसारखंच आहे हे: निघण्याची वेळ येईपर्यंत तयारी पूर्ण झालेली असते, कारण ती आधीपासूनच चाललेली असते.

ही तयारी आरएनए लिहिला जात असतानाच सुरू होते. ५-प्राइम टोकावर टोपी बसली की सीबीपी८० आणि सीबीपी२० ही जोडी तिथे येते. मागोमाग टीएचओ हे पाच प्रथिनांचं संकुल (टीएचओ२, एचपीआर१, एमएफटी१, टीएचपी२, टेक्स१) आरएनए लिहिणाऱ्या पॉलिमरेज या एन्झाइमबरोबर जनुकावर पुढे सरकतं. टीएचओ अधिक सब२ अधिक यरा१ म्हणजे ट्रेक्स. हे नाव २००२ मध्ये एड हर्ट यांच्या हायडेलबर्गच्या गटाने सहकाऱ्यांसह दिलं. माणसात ट्रेक्स मुख्यतः स्प्लायसिंगच्या, म्हणजे आरएनएमधले इंट्रॉन हे नको असलेले तुकडे कापून टाकण्याच्या, आधाराने बसतं. यीस्टच्या सुमारे ६,००० जनुकांपैकी जेमतेम ५ टक्क्यांत इंट्रॉन असतात, त्यामुळे इथे ते लेखनाच्या आधाराने बसतं. पाठ्यपुस्तकातली आकृती बहुधा माणसाची असते, आणि आपली मुलं तीच यीस्टला लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

टीएचओ नसेल तर काय होतं? नुकताच तयार झालेला उघडा आरएनए मागे वळून स्वतःच्याच डीएनए साच्याला चिकटतो. त्याला आर-लूप म्हणतात. तिथे डीएनए तुटतो आणि पुनर्संयोजन वाढतं. म्हणूनच एचपीआर१च्या नावातला ‘एचपीआर’ हा अतिपुनर्संयोजनावरून आलेला आहे. निर्यातीचं जनुक शोधायला निघालेल्या कुणाला ते सापडलेलं नाही.

सब२ हे एटीपी वापरणारं डेड-बॉक्स कुळातलं प्रथिन. ते यरा१ला आरएनएवर बसवायला मदत करतं. यरा१ त्याआधी पीसीएफ११ या आरएनएचं मागचं टोक कापायला लागणाऱ्या प्रथिनाला धरून जनुकापाशी आलेलं असतं आणि तिथून सब२च्या हाती जातं. मग एमआरएनए कापला जातो, पॅप१ त्याला अ‍ॅडेनिनची शेपटी लावतं आणि त्या शेपटीवर नॅब२ बसतं. नॅब२मध्ये सात झिंक-बोटं आहेत. त्यातली पाचवी ते सातवी अ‍ॅडेनिनच्या रांगेला घट्ट धरतात. शेपटी साधारण सत्तर-ऐंशीवर थांबते ती बऱ्याच अंशी नॅब२मुळे. नॅब२ बिघडलं की शेपट्या लांबतच जातात. माणसातलं याचं भावंड झेडसी३एच१४. त्यातल्या दोषांमुळे बौद्धिक अपंगत्व येतं, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं.

आता खरा वाहक: मेक्स६७, जोडीदार एमटीआर२सह. १९९७ मध्ये हर्ट यांच्याच गटाला तो सापडला. तो प्रथिनांची ने-आण करणाऱ्या इम्पोर्टिन-एक्सपोर्टिनच्या कुळातला नाही आणि त्यांना दिशा देणाऱ्या रॅन-जीटीपीच्या चक्रावर थेट चालत नाही. छिद्रातल्या धाग्यांना तो चिकटू शकतो, पण आरएनएवरची त्याची स्वतःची पकड ढिली. म्हणून त्याला हात देणारे लागतात: यरा१, नॅब२, आणि एनपीएल३. एनपीएल३ची गोष्ट मला फार आवडते. पेशीद्रवात स्काय१ हे काइनेज त्यावर फॉस्फेट चढवतं, एमटीआर१० त्याला केंद्रकात आणतं, आणि आत जीएलसी७ हे फॉस्फटेज ते फॉस्फेट उतरवतं. उतरवल्यावरच मेक्स६७ त्याला धरतं. एका फॉस्फेटवर आत-बाहेरची दिशा ठरते.

छिद्राच्या आतल्या बाजूला टोपलीसारखी रचना असते. तिथलं एमएलपी१ नॅब२च्या पुढच्या टोकाला धरतं आणि इंट्रॉन न काढलेल्या आरएनएला रोखायलाही मदत करतं. यरा१ मात्र बहुतेक इथूनच मागे फिरतं. टॉम१ हे युबिक्विटिन-लायगेज त्यावर खूण करतं आणि ते सुटतं. मग पलीकडे. प्रत्यक्ष छिद्र ओलांडायला एका रेणूला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा पुरतो, इतकंच. पलीकडच्या काठावर नुप१५९ला धरून डीबीपी५ बसलेलं असतं. तेही डेड-बॉक्स कुळातलंच. ग्ले१ आणि आयपी६ हा छोटा इनॉसिटॉल फॉस्फेट रेणू त्याला चालना देतात आणि ते मेक्स६७ व नॅब२ला आरएनएवरून उतरवतं. उतरवल्यामुळे आरएनए मागे सरकत नाही, आणि उतरलेली प्रथिनं पुढच्या फेरीला मोकळी होतात. सुरुवातीला बसवणारं सब२ आणि शेवटी उतरवणारं डीबीपी५, दोघं एकाच घराण्यातली.

एवढं डोक्यात ठेवून आता टेबलावर या.

स्ट्रेन आणि तापमान

निर्यातीची बरीचशी जनुकं जीवनावश्यक आहेत. मेक्स६७, एमटीआर२, यरा१, सब२, नॅब२ काढून टाकलं तर यीस्ट जगतच नाही. म्हणून तापमानाला हळवी म्युटंट वापरतात: २५ अंशाला धडधाकट, ३७ला बिघडलेली. सकारात्मक कंट्रोल म्हणून मेक्स६७-५ हे मेक्स६७चं म्युटंट घ्या. ते ३७ अंशाला काही मिनिटांतच पॉली-ए आरएनए (अ‍ॅडेनिनची शेपटी असलेला आरएनए) आत साठवू लागतं. त्याच्याबरोबर त्याच पार्श्वभूमीचं साधं स्ट्रेन, आणि मग तुमचं तपासायचं म्युटंट. तिन्ही दोन तापमानांना. सहा नमुने झाले, यातला एकही गाळू नका.

इथे आपल्याकडची एक अडचण. प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ते हायडेलबर्गच्या खोलीचं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला टेबलावर ठेवलेला फ्लास्क ही आधीच अर्धी तापमान-शिक्षा असते. म्युटंट कल्चर कायम २५ अंशाच्या शेकरमध्येच ठेवा, स्पेक्ट्रोफोटोमीटरपर्यंत नेतानाही पाण्याच्या बीकरमध्ये न्या, आणि रात्री वीज गेली असेल तर ते कल्चर सरळ टाकून द्या. ‘बहुतेक काही झालं नसेल’ या भरवशावर केलेले प्रयोग मी बरेच पाहिलेत, स्वतःचेही.

दुसरी गोष्ट, ३७च्या वर जाऊ नका. ४२ अंशाला साध्या, निरोगी यीस्टमध्येही बहुतेक पॉली-ए आरएनए केंद्रकात थांबतो आणि फक्त उष्णताघाताचे एमआरएनए बाहेर पडतात. त्या वेळी नेहमीचे हात देणारे आरएनएवरून सुटतात आणि मेक्स६७ त्या मोजक्या आरएनएंना थेट धरतं. इनक्युबेटरचा आकडा आणि आतलं पाणी यांत तीन-चार अंशांचा फरक असू शकतो, म्हणून फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून बघा.

कल्चरची ओडी (गढूळपणाचं माप) ०.३ ते ०.५च्या दरम्यान असू द्या. रात्रभर वाढून घट्ट झालेल्या पेशींची भिंत जाड होते, एन्झाइम तिला पचवत नाही, आणि पुढचं सगळं वाया जातं. तापमान झटक्यात बदलायचं असेल तर सोपी युक्ती: २५ अंशाच्या १० मिलिलिटर कल्चरमध्ये ४९ अंशाला तापवलेलं १० मिलिलिटर मिडीयम ओता. सरासरी ३७. लगेच ३७च्या वॉटर बाथमध्ये. ०, १५ आणि ६० मिनिटांचे नमुने घ्या. १५ मिनिटांत दिसलेला ठिपका थेट परिणाम असण्याची शक्यता जास्त. फक्त ६०ला दिसला तर दुसऱ्या कुठल्या बिघाडाची सावली असू शकते.

फिक्स करणं

कल्चर सेंट्रिफ्यूज करून मग फॉर्मल्डिहाइड घालू नका. त्या पाच मिनिटांत पेशी थंड होतात आणि निर्यात परत सुरू होऊ शकते. फ्लास्कमध्येच ९ भाग कल्चरला १ भाग ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड घाला, म्हणजे शेवटी ३.७ टक्के. तासभर हलवत ठेवा. फ्यूम हूडमध्ये, हातमोज्यांसह. पुढे फॉर्मामाइड येणार आहे, तो प्रजननाला घातक आहे, म्हणून ही सवय आत्ताच लावा.

मग ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.५, यात दोनदा धुवा आणि शेवटी त्याच बफरमध्ये १.२ मोलर सॉर्बिटॉल असलेल्या द्रावणात पेशी सोडा. लिटरला जवळजवळ २१९ ग्रॅम सॉर्बिटॉल लागतं. डोळ्यांना ते अति वाटतं आणि नवी मुलं हमखास कमी घालतात. सॉर्बिटॉल कमी पडलं तर भिंत गेल्यावर पेशी फुटतात.

भिंत काढणं

सगळी पद्धत या एका पायरीवर तरते किंवा बुडते, म्हणून इथे घाई नको.

यीस्टची भिंत ग्लुकन आणि मॅनोप्रथिनांची. प्रोब, म्हणजे आरएनए शोधणारा रंगीत तुकडा, तिच्यातून जात नाही. झायमोलेजने ती पचवायची, सोबत थोडं डीटीटी, ३० अंशाला. किती वेळ? कुणाचंही उत्तर घेऊ नका. एन्झाइमची बॅच, स्ट्रेन आणि कल्चरचं वय यांनुसार १० मिनिटांपासून ४० मिनिटांपर्यंत काहीही होऊ शकतं. दर पाच मिनिटांनी एक थेंब फेज कॉन्ट्रास्टखाली बघा. भिंतीसकट पेशी चकचकीत, कडेला उजळ कडं असलेल्या दिसतात. भिंत गेली की त्या मंद, राखाडी होतात. दहातल्या सात-आठ पेशी राखाडी झाल्या की थांबा. सगळ्या राखाडी होण्याची वाट बघाल तर निम्म्या पेशींचं नुसतं भूत उरेल: आत काहीच नाही, कड तेवढी शाबूत.

म्युटंट आणि साधं स्ट्रेन एकाच वेळी पचत नाही, हेही ध्यानात असू द्या. साधं स्ट्रेन कमी पचलं, म्युटंट जास्त पचलं, आणि त्यामुळे प्रोब फक्त म्युटंटमध्ये शिरला, अशा चित्रांवरून खोटे निष्कर्ष निघतात. दोघांना वेगवेगळा वेळ द्या, पण एकाच दिसण्यावर थांबवा.

स्लाइडवर

पॉली-एल-लायसिन लावलेल्या खाचांच्या स्लाइडवर पेशी २० मिनिटं बसू द्या, सुट्या पेशी हलकेच काढा. ०.५ टक्के ट्रायटनने पाच मिनिटं आवरण सच्छिद्र करा. मग ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमाइन, पीएच ८, त्यात ०.२५ टक्के असेटिक अ‍ॅनहायड्राइड, दहा मिनिटं. यामुळे धनभाराच्या जागा झाकल्या जातात आणि प्रोब कुठेही चिकटत नाही. अ‍ॅनहायड्राइड अगदी ऐनवेळी मिसळा, पाण्यात ते टिकत नाही. ही पायरी काही जण गाळतात. पार्श्वभूमी स्वच्छ येत असेल तर चालतं, मी गाळत नाही.

प्रोब म्हणजे ५० थायमिनांचा तुकडा, टोकाला सीवाय३ हा रंग. शेपटीच्या अ‍ॅडेनिनांशी तो जुळतो, म्हणून पेशीतले सगळे पॉली-ए आरएनए एकदम दिसतात. हायब्रिडायझेशन बफर असा: ५० टक्के फॉर्मामाइड, १० टक्के डेक्स्ट्रान सल्फेट, ४ पट एसएससी (मिठाचं बफर), १ पट डेनहार्ट, मिलिलिटरला १२५ मायक्रोग्रॅम टीआरएनए आणि ५०० मायक्रोग्रॅम उकळून सुटं केलेलं माशाचं डीएनए. आधी तासभर प्रोबशिवाय, ३७ अंशाला. मग मायक्रोलिटरला साधारण १ पिकोमोल प्रोब घालून रात्रभर, अंधारात, ओलसर डब्यात. डब्यात ओला टिश्यू ठेवायला विसरलात तर सकाळी डेक्स्ट्रानची चकाकती पापडी मिळेल.

सकाळी २ पट, १ पट आणि ०.५ पट एसएससीने क्रमाने धुवा, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम डॅपी पाच मिनिटं, आणि कव्हरस्लिप.

दोन जादा खाचा राखून ठेवा. एकीत प्रोबच नको, दुसरीत प्रोबआधी आरएनेज-ए, म्हणजे आरएनए पचवणारं एन्झाइम. दुसरीत लाल दिसलं तर तो आरएनए नव्हे, चिकटलेला रंग आहे.

चित्र घेताना आणि मोजताना

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद करा. साध्या स्ट्रेनवर एकदा वेळ ठरवा आणि सगळ्या स्लाइड त्याच वेळेने टिपा. डॅपीत मोठ्या ठिपक्याभोवती बारीक ठिपके दिसतील. ते मायटोकाँड्रियाचे डीएनए आहेत, घाबरू नका. फायलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या आणि मग मोजा, नमुन्यामागे निदान १०० पेशी, तीन स्वतंत्र कल्चर. ‘ठिपका आहे किंवा नाही’ यापेक्षा इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये केंद्रकाची सरासरी तीव्रता भागिले पेशीद्रवाची हे गुणोत्तर जास्त प्रामाणिक.

ठिपक्याचा आकार काय सांगतो

लाल रंग डॅपीवर अख्खा पसरलेला असेल तर आरएनए केंद्रकद्रव्यात मोकळा फिरतोय पण बाहेर पडत नाही. मेक्स६७-५ असं दिसतं. कडेला कडं दिसत असेल तर तो छिद्रापर्यंत पोहोचला आणि सुटत नाहीये. डीबीपी५, ग्ले१, नुप१५९ची चौकशी करा. अर्थात यीस्टचं केंद्रक दीड-दोन मायक्रॉनचं, साध्या मायक्रोस्कोपला हे कडं प्रत्येक वेळी उकलेल असं नाही. लाल ठिपका डॅपीच्या शेजारी, चंद्रकोरीसारखा असेल तर ती केंद्रिका (केंद्रकातला रायबोसोम घडवणारा भाग) आहे. एनओपी१ या तिथल्या प्रथिनाची अँटीबॉडी लावून खात्री करा. एक्सोसोम या आरएनए मोडणाऱ्या संकुलातलं आरआरपी६ काढलेल्या पेशींत पॉली-ए तिथे साचतो, आणि ती निर्यातीची चूक असेलच असं नाही, विघटनाची असू शकते.

सगळ्यात फसवी स्लाइड म्हणजे जिच्यात ठिपकाच नाही. टीएचओच्या म्युटंटमध्ये नीट न सजलेला आरएनए केंद्रकातला एक्सोसोम खाऊन टाकतो. आत साचायला काही उरतच नाही. नॅब२ झटकन काढून टाकलं तरी असंच: शेपटी उघडी पडते आणि नवे एमआरएनए साठण्याऐवजी नष्ट होतात, हे २०१५च्या सुमारास स्पष्ट झालं. म्हणून ठिपका नसला आणि एकूण लाल रंगही फिका असला तर ‘निर्यात ठीक’ असं लिहू नका. तेच म्युटंट आरआरपी६ काढून पुन्हा बघा.

एकाच जनुकाचा आरएनए बघायचा असेल तर हा प्रोब उपयोगाचा नाही. तिथे त्या आरएनएवर रांगेने बसणारे वीसेक अक्षरांचे कित्येक रंगीत प्रोब लागतात. उदाहरणार्थ नुप४२च्या म्युटंटमध्ये ४२ अंशाला एसएसए४सारखे उष्णताघाताचे एमआरएनए अडकतात. सगळ्या पॉली-एच्या गर्दीत ते तुम्हाला वेगळे दिसणार नाहीत.

कोण बसलंय, कोण उतरलं नाही

ठिपका मिळाला, आता वर ओळख करून दिलेल्या प्रथिनांची हजेरी घ्या. ३७ अंशाला १५ मिनिटं ठेवलेल्या पेशी पटकन गोळा करून ३७ला तापवलेल्या पीबीएस या मिठाच्या बफरमध्ये सोडा (मिडीयम अतिनील किरण शोषतं), पेट्री डिशमध्ये पातळ थर करा आणि २५४ नॅनोमीटरचा प्रकाश द्या. थेट चिकटलेली प्रथिनंच आरएनएला बांधली जातात, दुसऱ्या प्रथिनाच्या आधाराने आलेली सुटतात. पेशी फोडून ऑलिगो-डीटीच्या मण्यांवर पॉली-ए आरएनए पकडा, एसडीएस आणि लिथियम क्लोराइडने कडक धुवा, आरएनेजने सोडवा आणि वेस्टर्न (अँटीबॉडीने प्रथिनाची पट्टी ओळखणं) करा: मेक्स६७, नॅब२, यरा१, एनपीएल३. अतिनील न दिलेला नमुना शेजारी हवाच. त्यात पट्टी दिसली तर धुणं कमी पडलं.

यरा१ भरपूर पण मेक्स६७ जवळजवळ नाही, असं दिसलं तर तयारी झाली आणि वाहकच आला नाही. जीएलसी७च्या म्युटंटमध्ये मेक्स६७ असंच कमी पडतं, पण तिथे एनपीएल३ मात्र आरएनएला धरून बसलेलं सापडतं, कारण फॉस्फेट उतरलेलं नाही. यरा१च कमी असेल तर मागे जा, सब२ आणि टीएचओकडे. आणि मेक्स६७, नॅब२ नेहमीपेक्षा जास्त चिकटलेले असतील तर आत काही बिघडलेलं नाही, उतरवणारा थांबलाय. २००५ मध्ये लुंड आणि गथ्री यांनी डीबीपी५च्या म्युटंटमध्ये मेक्स६७ असं आरएनएवर राहून गेलेलं दाखवलं. नॅब२चंही तसंच होतं, हे पुढे दोन वर्षांत दिसलं.

मेक्स६७च्या बाबतीत एक सावधगिरी. ते आरएनएबरोबर छिद्रातून प्रवास करतं असं आपण शिकतो, पण छिद्रालाच कायमचं जोडून ठेवलेलं मेक्स६७सुद्धा यीस्टला जगवतं, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन लावलेलं मेक्स६७ केंद्रकाच्या कडेला कड्यासारखं दिसलं म्हणून ते तिथे अडकलंय असं समजू नका. निरोगी पेशीतही ते तसंच दिसतं.